‘समजते’ म्हणजे कुणाला समजते?

जुलै २०२२ मधली गोष्ट. मावळात भातलावणीचे दिवस होते आणि मी आमच्या अक्काकडे उर्सेला गेलो होतो. उर्से म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला द्रुतगती मार्गावरचा टोलनाका तेवढा आठवतो. नाका आला की पैसे किती कापले गेले ते फोनवर पाहायचे आणि पुढे लागायचे, एवढाच त्याचा उर्सेशी संबंध. पण त्या नाक्याच्या आसपास एक गाव आहे, जवळून पवना वाहते, इंद्रायणी भाताची खाचरे आहेत, आणि त्या खाचरांच्या कडेला एका घराच्या ओट्यावर रोज सकाळी आमचे दाजी वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात.

दाजींचे वाचन म्हणजे पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या निविदेपर्यंत. शाळा सातवीत सुटली, पण त्यांचे वाचन कधी सुटले नाही. त्या दिवशी ते एका बातमीवर अडले होते. मी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच त्यांनी विचारले,

“पावणं, तुमी एवढी वर्सं पेपरात काढली. मला येवढंच सांगा, हे ‘समजते’ म्हंजी कुणाला समजतं?”

बातमी तळेगावची होती. तिथला अमेरिकन मोटारींचा बंद पडलेला कारखाना एक चिनी कंपनी घेणार होती. तो व्यवहार मोडल्याचे समजते, असे बातमीत म्हटले होते. मी चाळीस वर्षे वर्तमानपत्राच्या टेबलावर हाच शब्द दुसऱ्यांच्या मजकुरात घातला होता आणि कधी कधी खोडलाही होता. त्या चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी मास्तरकीच्या थाटात उत्तर दिले. म्हटले, दाजी, मराठीत समजणे, कळणे, दिसणे, वाटणे ही क्रियापदे एकटी राहत नाहीत. त्यांना ‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’ असा कुणीतरी सोबती लागतो. मला समजते, तिला वाटते, आम्हांला दिसते. वर्तमानपत्र काय करते, तर तो सोबती काढून टाकते आणि त्याच्या जागी ‘असे’ बसवते. असे समजते. असे दिसते. ज्याला समजले तो मनुष्य गेला, उरले नुसते समजणे! वाचकाला वाटते, ही काही कुणा एकाची समजूत नव्हे. साऱ्या जगाला समजले आहे, आपणच काय ते मागे राहिलो.

दाजी हसले नाहीत. “मंजी कुनाचं नाव नाय म्हना की,” ते म्हणाले आणि वर्तमानपत्राची घडी घालून खाचरावर निघून गेले.

माझे व्याकरण बिनचूक होते. पण त्या दिवशी मी त्यांना जे सांगायला हवे होते ते व्याकरण नव्हते. ते पुढे येईलच.

आधी या शब्दांविषयी थोडे सांगतो. तर्काची मोजमापे आपल्या भाषेत किती बारीक आहेत, हे पाहायला अक्काच्या स्वयंपाकघरात बसावे. बाहेर चपलांचा आवाज झाला तर ती हातातले लाटणे न थांबवता म्हणते, “कुणीतरी आलेलं दिसतंय.” आवाज ओळखीचा असला तर म्हणते, “थोरला आला असावा.” त्याच्या येण्याची वेळच झाली असली तर “थोरला आला असणार,” आणि पाठोपाठ मोटारसायकलचा भोंगा वाजला तर “थोरलाच असला पाहिजे.” शेजारणीने आधीच वर्दी दिली असेल तर “आला म्हणे!” ‘आला’ या एका गोष्टीच्या या पाच पायऱ्या आहेत. प्रत्येकीवर तिने आपल्या ज्ञानाचे वजन करून ठेवलेले असते: काय कानांनी ऐकले, काय सवयीने जाणले, काय दुसऱ्याच्या तोंडून घेतले. तुर्की भाषेत म्हणे अशा ऐकीव किंवा मागाहून ताडलेल्या गोष्टींसाठी क्रियापदाला वेगळा प्रत्ययच लागतो. आपल्याकडे ते काम हा चिमुकला ‘म्हणे’ करतो, आणि या वाक्यात तो मीही वापरला आहे, कारण मला तुर्की येत नाही.

आता हीच अक्का जर तळेगाव, चीन आणि अमेरिका यांच्याविषयीची वार्ता लिहायला बसली असती तर तिने ‘असावा’ आणि ‘असणार’ यांच्यात गल्लत केली नसती. ती आम्ही केली.

कोण गंमत आहे पाहा! तर्कासाठी आपल्याकडे शब्द आले तेही चार दिशांनी. अनुमान आणि निष्कर्ष संस्कृतातले, कयास अरबीतला, अंदाज फारसीतला, आणि अटकळ ही आपल्या घरची. प्रत्येकाचे क्रियापद पुन्हा निराळे. कयास आणि अटकळ आपण बांधतो. अंदाज वर्तवतो. अनुमान आणि निष्कर्ष मात्र काढतो. बांधलेले मोडते, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. ‘काढला’ म्हटले की ते मुळातच आत होते, आपण फक्त बाहेर ओढले, असा भास होतो. निष्कर्षातला ‘कृष्’ हा धातू ओढण्याचा आणि नांगरण्याचाही. कृषीमध्ये आहे तोच. जमिनीतून दाजी जे काढतात ते त्यांनी आधी पेरलेले असते, आणि बाजारपेठांच्या पंडितांचे पुष्कळ निष्कर्षही त्याच जातीचे असतात.

तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत धुराचे उदाहरण असते. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे विस्तव आहे. हे अनुमान चालते, कारण विस्तवावाचून धूर आपण कुठे पाहिलेला नाही. पण उलट जाऊन विस्तव आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणू लागलात की शास्त्री तुमच्यापुढे लोखंडाचा लालबुंद तापलेला गोळा ठेवतात. विस्तव आहे, धूर कुठे आहे? धुराला ओले सरपण लागते, हे तुम्ही विसरलात. त्या ओल्या सरपणाला ते ‘उपाधी’ म्हणतात. जगाच्या अर्थकारणावर लिहिणाऱ्याने रोज सकाळी विचारायचा प्रश्न हाच आहे, की बाबा रे, यात ओले सरपण कोणते?

दाजींचेच पाहा. द्रुतगती मार्ग त्यांच्या बांधावरून दिसतो. तळेगावच्या त्या कारखान्याने २०१७ च्या अखेरीस भारतात मोटारी विकणे थांबवले, पण मेक्सिकोसारख्या देशांकडे पाठवायच्या गाड्या तिथे तयार होत राहिल्या. कोऱ्या मोटारी दोन मजल्यांवर लादलेले लांबलचक ट्रेलर मुंबई बंदराकडे जात. दाजी ते मोजत. त्यांना मेक्सिको नकाशावर दाखवता आला नसता, पण तिथली मागणी वाढली की घटली हे ते ओट्यावर बसून सांगत. “आज अकरा गेले. बरं चाललेलं दिसतंय.” ‘दिसतंय’! क्रियापद कसे नेमके होते, कारण खरोखरच ते डोळ्यांनी दिसले होते.

एकदा मी त्यांना म्हटले, दाजी, चाकणलाही परदेशी मोटारींचा कारखाना आहे आणि त्याच्याही गाड्या याच रस्त्याने बंदरावर जातात; तुम्ही मोजता त्यातल्या तळेगावच्या किती? त्यांचा चेहरा उतरला. पण दोनच दिवसांनी फोन आला: ट्रेलरवरच्या गाड्यांची नाके आता ते वेगवेगळी ओळखू लागले होते! २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादन थांबले, तेव्हा दाजींच्या मोजणीत आधीच खळ पडला होता.

याउलट आमचे पाहा. उर्सेला विजेच्या तारा आणि केबल बनवणारा फिनोलेक्सचा कारखाना आहे. तारेला तांबे लागते, आणि तांब्याचा भाव ठरतो लंडनच्या धातुबाजारात. व्यापारी मंडळी तांब्याला थट्टेने ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण जगाच्या प्रकृतीची नाडी त्याला कळते असा समज आहे. मे २०२४ मध्ये हा भाव टनाला अकरा हजार डॉलरांवर गेला. तेव्हा वाचले की, विजेच्या मोटारी आणि संगणकांची प्रचंड कोठारे यांना तांबे पुरणार नाही, हे यावरून सिद्ध होते. पनामातली मोठी खाण आदल्या वर्षी बंद झाली होती, तिचीही साक्ष निघाली. ऑगस्टच्या सुरुवातीस भाव नऊ हजारांच्या आत आला. तेव्हा वाचले की, चीनची मागणी ओसरली आहे, हे यावरून स्पष्ट होते. तीन महिन्यांपूर्वी जे ‘सिद्ध’ झाले होते त्याचे काय झाले, हे कुणी सांगितले नाही. मोटारी त्याच, संगणक तेच, पनामाची खाणही बंदच. सिद्ध होणे हे क्रियापद भूमितीच्या पुस्तकातले. त्याला बाजारात आणून बसवले की ते बिचारे असे दर तिमाहीला पक्ष बदलते.

आणि हे काही आजचे नाही. पॉल सॅम्युएल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली चिमटा काढला होता की, शेअरबाजाराने गेल्या पाच मंद्यांपैकी नऊंचे भाकीत केले! २०२२ च्या अखेरीस अनेक जाणकार म्हणत होते की, २०२३ मध्ये अमेरिकेत मंदी येणार. ‘येईल’ नव्हे, ‘येणार’. ती आली नाहीच. उलट त्या वर्षी तिथली अर्थव्यवस्था अडीच टक्क्यांहून अधिक वाढली. व्याजदर इतक्या वेगाने चढवले की मंदी येते, हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. पण लोकांनी महामारीत शिल्लक टाकलेला पैसा, सरकारचा खर्च, कामगारांची टंचाई हे सारे सरपण कोरडे की ओले, ते कुणी नीट पाहिले नव्हते.

या साऱ्या ‘असावे-असेल’ने एका मोठ्या माणसाला बेजार केल्याची हकीगत मला फार आवडते. शर्मन केंट हे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. पुढे अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात अंदाज लिहिण्याच्या कामावर गेले. १९५१ साली त्यांच्या कचेरीने एक अहवाल पाठवला: सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर या वर्षी हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ मानली पाहिजे. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारले, ही तुमची गंभीर शक्यता म्हणजे नेमकी किती? केंट म्हणाले, माझ्या मते पासष्टास पस्तीस, हल्ला होण्याच्या बाजूने. तो अधिकारी दचकला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती फारच कमी धरली होती. मग केंटनी आपल्याच मंडळातल्या सह्या करणाऱ्यांना एकेकाला विचारले. कुणी म्हणाला ऐंशीस वीस, कुणी म्हणाला वीसास ऐंशी! सगळ्यांनी एकाच वाक्याखाली सही केली होती आणि प्रत्येकाच्या मनात वेगळीच लढाई होती. हल्ला झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

केंट पेटले. त्यांनी शब्दांना आकडे बांधायला घेतले: ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे सुमारे त्र्याण्णव टक्के, ‘संभवनीय’ म्हणजे पंचाहत्तर, ‘बहुधा नाही’ म्हणजे तीस, असे. हे सारे त्यांनी १९६४ मध्ये एका लेखात लिहून ठेवले आहे. कचेरीत दोन तट पडले. आकडे मागणाऱ्यांना त्यांनी गणिती म्हटले आणि विरोध करणाऱ्यांना कवी. कवींचे म्हणणे, भाषेला असे खुंटीला बांधू नये. मी आयुष्यभर कवींच्या बाजूचा; पण एका अनुभवानंतर माझे मत जरा डळमळले आहे.

आपल्याकडे ज्या खात्याची सर्वांत जास्त टिंगल होते त्या हवामान खात्याने मात्र हे काम शांतपणे केलेले आहे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे विभागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त पण निम्म्यापर्यंत. प्रत्येक शब्दाला हद्द ठरलेली आहे. पावसाच्या बातमीतला ‘तुरळक’ मोजलेला असतो, आणि अब्जावधींच्या गुंतवणुकीच्या बातमीतला ‘लवकरच’ मोजलेला नसतो, याची आपल्याला काहीच गंमत वाटत नाही.

आता माझी गोष्ट.

जानेवारी २०२० मध्ये ती चिनी कंपनी तळेगावचा कारखाना घेत असल्याची वार्ता आली. बातमीदाराने चोख लिहिले होते: खरेदीच्या अटींवर सह्या झाल्या आहेत, सरकारी मान्यता मिळाल्यास व्यवहार वर्षाच्या उत्तरार्धात पूर्ण होण्याची अपेक्षा आहे. ‘मिळाल्यास’ आणि ‘अपेक्षा’ हे दोन पहारेकरी त्याने दारात उभे केले होते. बातमी रात्री उशिरा पानात घ्यायची होती. जागा दोन कॉलमांची. ‘तळेगावचा कारखाना चिनी कंपनीकडे जाण्याची शक्यता’ हे शीर्षक काही केल्या बसेना. शेवटचा शब्द खाली उतरला की तिसरी ओळ होई आणि पान फुगे. मी ते शीर्षक कापले आणि लिहिले: ‘तळेगावात चिनी मोटार येणार!’ उद्गारचिन्ह मीच दिले. एका अक्षराची जागा उरली होती.

मग काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मार्चमध्ये टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने नियम केला की, ज्या देशांच्या सीमा आपल्याला भिडतात तिथल्या गुंतवणुकीला आधी परवानगी लागेल. १५ जूनला महाराष्ट्र सरकारने ज्या परदेशी कंपन्यांशी करार केले त्यांत हीही होती, गुंतवणूक ३,७७० कोटींची. आणि त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात चकमक होऊन आपले वीस जवान कामी आले. आठवड्याभरात करार ‘जैसे थे’ ठेवल्याचे जाहीर झाले. दोन वर्षे वाट पाहून जुलै २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांनी व्यवहार सोडून दिला. लडाखच्या नदीकाठी काय होते त्यावर तळेगावच्या फाटकाला कुलूप राहते की निघते हे ठरते, एवढे जग आता एकमेकांत गुंतले आहे. जानेवारीतल्या त्या रात्री यातले काहीही कुणाला कळणे शक्य नव्हते. म्हणून तर ‘मिळाल्यास’ हा शब्द होता.

त्या शीर्षकाच्या तिसऱ्या आठवड्यात दाजींनी रस्त्याकडेच्या चार गुंठ्यांतली सासऱ्यांच्या, म्हणजे अक्काच्या सासऱ्यांच्या, हातचा रायवळ आंबा तोडला आणि आठ खोल्यांचा पाया घातला. कारखाना येणार, कामगार येणार, त्यांना राहायला जागा लागणार! एका ‘णार’ला दोन ‘णार’ आपोआप फुटले. पैसा पतपेढीतून, आणि पतपेढीला तारण अक्काच्या पाटल्या. गुढीपाडव्याला वास्तुपूजेच्या जेवणाला यायचे म्हणून मला बोलावणे होते. पाडवा आला २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. गवंडी आपापल्या गावी चालत गेले आणि भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या.

मला हे कळले जूनमध्ये, फोनवर. दाजी म्हणाले, “पेपरात आलं व्हतं, म्हनून घेतलं हाती.” मी विचारले नाही, कोणत्या पेपरात. त्यांच्या घरी एकच पेपर येतो.

पुढच्या दोन भाऊबीजांना अक्काने मला ओवाळले तेव्हा तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या तेवढ्या होत्या. ताटातले निरांजन फिरताना हात डोळ्यांसमोरून फिरतो, आणि नजर दुसरीकडे नेता येत नाही. मी ओवाळणी थोडी जास्त घातली. ती म्हणाली, “एवढी कशाला रे?” मी म्हणालो, “असू दे.”

आणि जुलै २०२२ मध्ये दाजींनी विचारले, ‘समजते’ म्हणजे कुणाला समजते, तेव्हा मी त्यांना व्याकरण सांगितले.

त्याच सप्टेंबरात आणखी एक वादळ आले. वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा अर्धवाहक बनवण्याचा प्रचंड प्रकल्प, ज्याच्यासाठी तळेगावच्या जागेचे नाव चालले होते, तो गुजरातला जाण्याचा करार १३ सप्टेंबरला झाला. आकडा एक लाख चोपन्न हजार कोटींचा, नोकऱ्या लाखभर असे सांगितले गेले. मग महिनाभर आपल्या राजकारणात क्रियापदांचा पूर आला. एक बाजू म्हणे, यावरून दिसते की नव्या सरकारने तो घालवला. दुसरी म्हणे, यावरून दिसते की जुन्याने तो कधी आणलाच नव्हता. दोघांचा ‘यावरून’ एकच होता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले आणि ज्यावरून एवढे दिसत होते ते मुळात दिसेनासेच झाले.

त्या काळात तळेगावच्या आसपास जमिनीचे दलाल पुष्कळ हिंडत. दाजींकडेही एक आला आणि उरलेल्या जमिनीला गिऱ्हाईक असल्याचे समजते, म्हणाला. दाजींनी त्याला चहा पाजला आणि विचारले, “कुनाला समजतं?” तो पुन्हा आला नाही.

गेल्या भाऊबीजेला मी एकदाचे सांगून टाकले. ओवाळणे झाले होते, फराळाच्या बशा पुढे होत्या. मी म्हटले, “दाजी, ते शीर्षक मी दिलं होतं. ‘येणार’. बातमीत तसं नव्हतं. जागेत बसेना म्हणून मी दिलं.”

दाजींनी करंजी मोडली, अर्धी खाल्ली. मग उठून आत गेले आणि पतपेढीच्या पासबुकातून एक पिवळे पडलेले कात्रण घेऊन आले. उद्गारचिन्हासकट.

“हे तुमचं व्हय?” ते म्हणाले. कात्रण त्यांनी चष्म्याजवळ नेले, लांब धरले. “पावणं, ‘येणार’ तुमी लिवलं. चुकलंच तुमचं. पन ‘म्हंजी खोल्या बांधा’ असं यात कुटं लिवलंय? ते तर मी काडलं. खाली बारीक अक्षरात ‘मिळाल्यास’ बी हाय. ते मी वाचलं व्हतं. वाचून सोडून दिलं.”

सुचवणारा एक आणि निष्कर्ष काढणारा दुसरा, हा भेद इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना शिकवताना मास्तरांच्या तोंडाला फेस येतो. दाजींनी तो करंजी खाता खाता केला. माझा भार हलका करण्यासाठीच केला असावा. ‘असावा’ म्हणतो; विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

“तुम्ही लिहिलं, ह्यांनी काढलं,” आतून अक्काचा आवाज आला, “आणि पाटल्या गेल्या माझ्या.”

यावर आम्ही दोघांनीही काही म्हटले नाही.

खोल्या आता पुऱ्या झाल्या आहेत. आठांपैकी पाच भाड्याने गेल्या आहेत. दोघांत केबलच्या कारखान्यातली मुले, एकात नाक्यावर काम करणारे कुटुंब. तळेगावचा कारखाना ऑगस्ट २०२३ मधल्या करारानुसार कोरियाच्या ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. चीन नाही तर कोरिया. ‘येणार’ पाच वर्षे उशिरा आणि दुसऱ्याच पत्त्यावरून खरे झाले, असे म्हणून मला स्वतःची समजूत घालता आली असती. पण पाच वर्षांचे व्याज अक्षरांत मोजता येत नाही. दोन पाटल्यांपैकी एक सुटून आली आहे.

यंदा गणपतीत गेलो तर दाजींनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवले. हल्ली ते हातात पेन्सिल घेऊन वाचतात आणि बातमीतल्या क्रियापदांखाली रेघ ओढतात. अख्खे पान काटेरी कुंपणासारखे दिसते. बातमी तळेगावचीच होती. कंपनीने २०२८ पर्यंत तिथली क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांवर नेण्याचे जाहीर केले आहे. ‘जाहीर केले आहे’ याच्याखाली एक रेघ होती, ‘नेण्याचे’ याच्याखाली दोन.

“वरचा मजला चढवावा का?” त्यांनी विचारले.

जगात काय चालले आहे ते मी मनात आणून पाहिले. अमेरिकेची आयातजकात, कोरियाचा नफा, तांब्याचा भाव, सीमेवरची शांतता. चाळीस वर्षे हे सारे माझ्या टेबलावरून गेले होते. मी म्हणालो, “मला वाटतं, अक्काची दुसरी पाटली आधी सोडवावी.”

“ ‘मला’ म्हनलात, ते बरं केलंत,” दाजी म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

आतून अक्काने विचारले, जेवून जाणार का रे? भाताचा वास ओट्यापर्यंत आला होता.

“जाणार,” मी म्हणालो.